फिल्म धुताना नाल्यात काय जातं: आधी फिक्सर, मग पाणी, मग डेव्हलपर

फिल्म धुण्याचं काम पर्यावरणाला कमी त्रासाचं करायचं म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, बदलतात. कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात फिल्म डेव्हलप करतात, निगेटिव्हवर चित्र उमटलेलं बघून हरखतात आणि मग ते चित्र पक्कं करणारं द्रावण, म्हणजे फिक्सर, वापरून झाल्यावर बेसिनमध्ये ओतून मोकळे होतात. कष्ट खरे, पण जागा चुकली. या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत काळजीचा माल फिक्सरच्या बाटलीत साठत असतो, कारण फिल्मवरची चांदी तिथे उतरते. त्यानंतर नंबर धुण्याच्या पाण्याचा, आणि डेव्हलपरचा तिसरा. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. वेळ किंवा उत्साह कमी असेल तर फिक्सरपुरतंच वाचा आणि तेवढंच करा; बाकी सगळ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चांदी कुठे जाते

फिल्मच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. ज्यांवर प्रकाश पडला त्यांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते आणि ती निगेटिव्हवर राहते. उरलेले सगळे स्फटिक फिक्सर विरघळवून नेतो. थायोसल्फेटचा हा गुण जॉन हर्शल यांनी १८१९ साली नोंदवला आणि आजही फिक्सर त्यावरच चालतो. रंगीत फिल्ममध्ये तर जवळजवळ सगळीच चांदी निघून जाते, कारण तिथलं चित्र रंगद्रव्याचं असतं आणि डेव्हलप झालेली चांदीसुद्धा ब्लीच करून काढून टाकतात.

चांदीचा मोकळा आयन शेवाळाला, माशांना आणि पाण्यातल्या बारीक जीवांना अगदी अल्प प्रमाणातही मारक असतो. फिक्सरमध्ये ती थायोसल्फेटशी घट्ट बांधलेली असते आणि त्या रूपात पुष्कळ सौम्य असते, हे खरं. पण धातूचं विघटन होत नाही. आज बांधलेली चांदी पुढे कुठल्या पाण्यात, कुठल्या गाळात, कोणत्या रूपात जाईल हे ओतणाऱ्याच्या हातात राहत नाही. सेप्टिक टँक, शोषखड्डा, बागेची माती यांत ती ओतली तर वाटेत तिला अडवणारंच कुणी नसतं.

फिक्सर खरोखर संपेपर्यंत वापरा

कमी फिक्सर फेकायचा असेल तर तो संपलाय की नाही हे कळलं पाहिजे. रंगावरून किंवा वासावरून ते कळत नाही. फिल्मच्या सुरुवातीच्या जिभेचा (कॅमेऱ्यात अडकवायला बाहेर ठेवलेल्या पट्टीचा) तुकडा वापरून केलेली चाचणी हा त्याचा पक्का मार्ग, आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.

न डेव्हलप केलेल्या जिभेचा तीनेक सेंटिमीटरचा तुकडा उजेडातच कापा. थराच्या बाजूवर फिक्सरचा एक थेंब टाका आणि ३० सेकंद थांबा. मग अख्खा तुकडा फिक्सरच्या पेल्यात सोडा आणि घड्याळ सुरू करा. सुरुवातीला दुधट, मळकट तुकड्यावर थेंबाचं वर्तुळ काचेसारखं स्वच्छ दिसतं. पेला हलवत राहा. आजूबाजूचा दुधटपणा पातळ होत जातो, वर्तुळाची कड पुसट होते आणि एका क्षणी वर्तुळ कुठे होतं हेच सांगता येत नाही. तो वेळ टिपा. ताज्या फिक्सरचा वेळ बाटलीवर लिहून ठेवा. हा वेळ दुप्पट झाला की फिक्सर संपला.

इलफर्डच्या रॅपिड फिक्सरचं १+४ प्रमाणातलं (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) एक लिटर द्रावण ३६ फ्रेमच्या २४ फिल्मना पुरतं, असा उत्पादकाचा हिशोब आहे. तो ढोबळ अंदाज म्हणून धरा. शेवटचा निर्णय तुकड्याच्या चाचणीचा. टी-मॅक्स आणि डेल्टा यांसारख्या चपट्या स्फटिकांच्या फिल्म फिक्स व्हायला जास्त वेळ घेतात आणि फिक्सरही लवकर दमवतात, कारण त्यांच्यातलं आयोडाइड द्रावणात साठत जातं. साध्या फिल्मला पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट, आणि या फिल्मना तिप्पट वेळ फिक्सरमध्ये ठेवा. सुकलेल्या निगेटिव्हवर गुलाबी छटा राहिली तर फिक्सिंग किंवा धुणं अपुरं झाल्याचा तो इशारा समजा.

यापुढची पायरी दोन बाटल्यांची. एकाऐवजी एक-एक लिटरचे दोन फिक्सर करा, बाटल्यांवर मोठ्या अक्षरात ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ लिहा, आणि फिक्सिंगचा वेळ दोघांत निम्मानिम्मा वाटा. जवळजवळ सगळी चांदी पहिल्यात उतरते, दुसरा ताजाच राहतो. दमलेल्या फिक्सरमध्ये चांदी आणि थायोसल्फेटची अशी संयुगं तयार होतात जी पाण्यात नीट विरघळत नाहीत. ती जिलेटिनमध्ये अडकून राहतात आणि कितीही पाणी ओतलं तरी निघत नाहीत. ताजा दुसरा फिक्सर त्यांना विरघळणाऱ्या रूपात आणतो. म्हणून पहिली बाटली अगदी शेवटपर्यंत वापरता येते, धुण्याच्या पाण्यात जाणारी चांदीही कमी होते, आणि निगेटिव्ह जास्त टिकतात. पहिल्याचा चाचणीचा वेळ दुप्पट झाला की तो पुढे सांगितलेल्या चांदीच्या बादलीत ओता, ‘दुसरा’ला ‘पहिला’ करा आणि नवा ‘दुसरा’ बनवा. असे चारपाच फेरे झाले की दोन्ही ताजे करा.

फिक्सर परत बाटलीत ओतताना घाई करू नका. टँक, म्हणजे फिल्म ज्यात धुतात तो बंद डबा, तिरका धरून २० सेकंद निथळू द्या. रिळाला आणि टँकच्या भिंतींना चिकटून राहणारं जे काही आहे ते सगळं चांदीचंच पाणी आहे. पहिलं धुण्याचं पाणीसुद्धा नाल्यात न सोडता चांदीच्या बादलीत टाका.

चांदीची बादली

संपलेला फिक्सर साठवून, चांदी परत मिळवणाऱ्या लॅबकडे किंवा एक्स-रे फिल्म धुणाऱ्या केंद्राकडे देता आला तर तो सर्वांत चांगला मार्ग. त्यांच्याकडे यंत्रं असतात आणि कागदोपत्री व्यवस्थाही असते. तसं कुणी जवळ नसेल तर स्टील वूलने, म्हणजे लोखंडाच्या लोकरीसारख्या बारीक तंतूंनी, चांदी उतरवता येते. लोखंड चांदीपेक्षा सहज विरघळतं. ते द्रावणात जातं आणि त्याच्या जागी चांदी बाहेर पडते. हिशोबाने एक ग्रॅम लोखंड सुमारे ३.९ ग्रॅम चांदीची जागा घेतं. प्रत्यक्षात बरंचसं लोखंड आम्लात आणि हवेमुळे वाया जातं, म्हणून हिशोबाच्या पाचसहा पट घ्यावं.

पाच लिटर वापरलेल्या फिक्सरसाठी:

झाकणाची १० लिटरची प्लास्टिकची बादली, धातूची नको
साधं बारीक स्टील वूल, ३० ग्रॅम
पीएच मोजायच्या पट्ट्या
तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी किंवा जाड तार
हातमोजे, चष्मा, लाकडी किंवा प्लास्टिकचा दांडा

स्टील वूलला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने ते धुऊन काढा, नाहीतर द्रावण लोखंडापर्यंत पोचतच नाही आणि आठवडा वाट बघूनही काही होत नाही. भांडी घासायच्या स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत जाळ्या चालणार नाहीत. त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर ही अदलाबदल होऊ देत नाही. साबण भरलेले घासणीचे गोळेही नकोत.

द्रावणाचा पीएच पाहा. ५ ते ६ असेल तर उत्तम. बहुतेक आम्लधर्मी रॅपिड फिक्सर तिथेच असतात. उदासीन किंवा अल्कधर्मी फिक्सर असेल तर पाण्यात विरघळवलेलं सायट्रिक ॲसिड थोडंथोडं घालून पीएच खाली आणा. ४ च्या खाली जाऊ देऊ नका. तसं झालं तर थायोसल्फेट फुटतं, द्रावण दुधासारखं होतं, गंधकाचा साका पडतो आणि घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड सुटतो. असं झालंच तर दार-खिडक्या उघडा आणि लांब राहा.

स्टील वूल बोटांनी सैल पिंजून द्रावणात बुडवा. झाकण सैल ठेवा, घट्ट नको, कारण थोडा हायड्रोजन सुटतो. बादलीजवळ ज्योत किंवा ठिणगीही नको. दिवसातून दोनदा ढवळा. काही तासांत तंतू काळपट पडू लागतात, दोन दिवसांत दांडा लागला की त्यांचा भुगा होतो आणि तळाला राखाडी-काळा गाळ बसतो. पाणी गंजाच्या रंगाचं होतं. तिसऱ्या दिवशी थोडं वरचं पाणी पेल्यात घ्या आणि त्यात तांब्याची पट्टी १० मिनिटं धरा. पट्टी पांढरट-राखाडी झाली तर चांदी अजून शिल्लक आहे. स्टील वूलचा नवा गोळा टाका आणि पुन्हा थांबा. तांबं तांब्याच्याच रंगाचं राहिलं तर बहुतेक चांदी उतरली. तुलनेसाठी हीच पट्टी आधी न उतरवलेल्या फिक्सरमध्ये बुडवून पाहून ठेवा, म्हणजे डोळ्याला फरक ओळखीचा होतो.

दोन दिवस न हलवता ठेवा, वरचं पाणी नळीने अलगद काढा आणि गाळ कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा. गाळ सुकवून बरणीत भरा, वर ‘चांदीचा गाळ, लोखंडमिश्रित’ असं लिहा आणि पुरेसा साठला की चांदी शुद्ध करणाऱ्याकडे द्या. तो घरी वितळवायच्या फंदात पडू नका. त्यात गंधकाची संयुगं असतात आणि धूर विषारी निघतो.

उरलेल्या पाण्यात चांदी फारशी नसली तरी थायोसल्फेट, अमोनियम आणि लोखंड भरपूर असतं. पाण्यातला प्राणवायू ते शोषून घेतं, म्हणून ओढा, विहीर, सेप्टिक टँक, झाडं हे सगळं वर्ज्य. शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीत, स्थानिक नियम परवानगी देत असतील तरच, भरपूर पाण्याबरोबर थोडंथोडं सोडा. नियम नको म्हणत असतील तर घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्या. हे पाणी पुन्हा फिक्सर म्हणून वापरू नका. त्यातल्या लोखंडाने निगेटिव्हवर डाग पडतात.

या बादलीच्या बाबतीत काही गोष्टी कधीही करायच्या नाहीत. तिच्यात कपड्यांचं किंवा फरशीचं क्लोरीनचं ब्लीच घालू नका. अमोनियमशी मिळून विषारी वायू सुटतात. वापरलेला डेव्हलपर तिच्यात ओतू नका. तो अल्कधर्मी असतो, त्याने अमोनिया सुटतो आणि स्टील वूलचं काम थांबतं. चांदीच्या द्रावणात मुद्दाम अमोनिया किंवा कॉस्टिक सोडा घालून ते साठवू किंवा वाळवू नका. त्यातून हात लागताच स्फोट होणारी संयुगं बनू शकतात. सोडियम सल्फाइडने चांदी खाली बसवण्याच्या जुन्या कृती वाचायला मिळतात. रसायन चालतं, पण द्रावण जरा आम्लधर्मी असलं तर जीवघेणा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. घरात ती कृती नकोच. मोठ्या लॅबमध्ये हेच काम ट्रायमर्कॅप्टोट्रायझिन या संयुगाने जास्त सुरक्षितपणे होतं; ते चांदीला पकडून साक्याच्या रूपात खाली बसवतं आणि पाण्यात फारच कमी चांदी उरते.

विजेने चांदी उतरवणं हा स्टील वूलपेक्षा स्वच्छ मार्ग आहे. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर चांदीचा थर बसतो, समोर ग्राफाइटची कांडी असते, आणि फिक्सरमध्ये लोखंड न मिसळल्यामुळे लॅब तो पुन्हा वापरात घेऊ शकतात. अडचण शेवटी येते. चांदी कमी होत जाते तसा प्रवाहही कमी करावा लागतो. तो केला नाही तर वीज थायोसल्फेटच फोडू लागते, पांढऱ्या थराऐवजी काळा सल्फाइड जमतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. वास आला की ताबडतोब वीज बंद. वर्षाला काही डझन फिल्म धुणाऱ्याने या भानगडीत पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बादली पुरेशी आहे.

मिठाच्या संपृक्त द्रावणात फिल्म फिक्स करण्याची कल्पना अधूनमधून पुढे येते. मीठ सिल्व्हर क्लोराइड थोडंफार विरघळवतं, पण कॅमेऱ्याच्या फिल्ममधलं सिल्व्हर आयोडाइड त्याला दाद देत नाही. एक दिवस बुडवूनही फिल्म बरेचदा अर्धवट राहते, आणि शेवटी हातात चांदीचंच पाणी असतं, वर किलोभर मीठ.

एक लिटर पाण्यात फिल्म धुणं

वाहत्या नळाखाली २० मिनिटं फिल्म धुतली आणि नळ मिनिटाला तीन लिटर सोडत असला, तर एका फिल्मला ६० लिटर लागले. तेच काम एक लिटरच्या आसपास होतं. इलफर्डने सांगितलेली पद्धत अशी: टँक पाण्याने भरा, ५ वेळा उलटासुलटा करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा, ओता. पुन्हा भरा, २० वेळा, ओता. पाणी फिक्सरच्या तापमानाच्या पाच अंश आत हवं.

हे इतक्या थोडक्यात कसं भागतं? निथळल्यावर टँकमध्ये समजा १० मिलिलिटर द्रव राहिला आणि ३०० मिलिलिटर पाणी भरलं, तर फिक्सर सुमारे तीसपट पातळ झाला. तीनदा केलं की २७,००० पट. वाहत्या पाण्यात हा गुणाकार होत नाही. नवं पाणी बरंचसं जुन्याच्या शेजारून निघून जातं. फिक्सरला जिलेटिनमधून बाहेर झिरपायला मात्र वेळ लागतो, म्हणून प्रत्येक भरण्यानंतर आणखी दोनतीन मिनिटं तसंच ठेवा. पाणी जास्त लागत नाही, सबुरी लागते.

दोन अटी आहेत. फिक्सरमध्ये थर कडक करणारं हार्डनर नसावं, कारण तो थर धुतला जायला फार वेळ घेतो. आणि फिक्सिंग पुरतं झालेलं असावं. हार्डनर वापरलंच असेल तर मधे २ टक्के सोडियम सल्फाइटच्या द्रावणात, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, दोन मिनिटं फिल्म हलवा.

खात्री करायची असेल तर शेवटचं निथळलेलं पाणी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्क्या गुलाबी पाण्यात टाका. शेजारी त्याच गुलाबी पाण्यात नळाचं साधं पाणी तेवढेच थेंब टाका. पहिल्याचा रंग लवकर उडाला तर थायोसल्फेट शिल्लक आहे, आणखी एक भरणं करा. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब न राहता ते सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) एकदोन थेंब घालून. हे पाणी टँकभरच लागतं आणि सुकल्यावरचे क्षारांचे ठिपके टळतात.

पाणी वाया जाण्याची आणखी एक जागा म्हणजे तापमान. द्रावण २० अंशांवर आणायला तासभर नळ सोडू नका. खोली २४ अंशांवर असेल तर २४ वरच डेव्हलप करा. वेळ साधारण ३० टक्के कमी करा आणि पहिली फिल्म कमी महत्त्वाची घ्या. चार मिनिटांच्या आत जायची वेळ आली तर डेव्हलपर पातळ करा, नाहीतर ओतण्याच्या वेळातल्या फरकानेच आकाशात पट्टे दिसतात.

डेव्हलपर

जुन्या डेव्हलपरमध्ये दोन नावं नेहमी दिसतात: हायड्रोक्विनोन आणि मेटॉल. दोन्ही जलचरांना अतिशय विषारी म्हणून वर्गीकृत आहेत, आणि मेटॉलने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी होते. त्यांच्या जागी क जीवनसत्त्व, म्हणजे एस्कॉर्बिक ॲसिड किंवा त्याचा सोडियम क्षार, आणि जोडीला फेनिडोन हे डेव्हलप करणारं दुसरं रसायन चिमूटभर, हा बदल खरा मोलाचा. कोडॅकने १९९६ साली आणलेला एक्सटॉल याच प्रकारच्या जोडीवर चालतो आणि चित्राच्या दर्जात तो कुठेही कमी पडत नाही.

या डेव्हलपरची एक खोड आहे. हायड्रोक्विनोन खराब होताना तपकिरी होतं आणि आपल्याला सावध करतं. एस्कॉर्बेट मात्र पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि मेलेलं असतं. नळाच्या पाण्यातल्या लोखंड-तांब्याच्या अंशाने त्याचं ऑक्सिडीकरण वेगाने होतं. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात बनवा, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत ठेवा, आणि प्रत्येक वेळी टँक भरण्याआधी उजेडातच जिभेचा तुकडा त्यात बुडवा. एकदोन मिनिटांत तो काळा व्हायलाच हवा. राखाडी राहिला तर फिल्म आत घालू नका.

नियमित फिल्म धुणाऱ्यांनी एक्सटॉल पुरवणी पद्धतीने वापरावा. पातळ न केलेला डेव्हलपर वापरून परत बाटलीत ओतायचा, दर फिल्ममागे ७० मिलिलिटर ताजा घालायचा आणि तेवढाच जुना काढून टाकायचा. १+१ पातळ करून एकदाच वापरला तर २९० मिलिलिटरच्या टँकला १४५ मिलिलिटर मूळ द्रावण जातं. इथे त्याच्या निम्म्यात भागतं. महिन्याला एखादीच फिल्म होत असेल तर हा मार्ग नको, बाटली पडून मरेल.

ज्यांना बाटली वर्षभर टिकवायची आहे त्यांच्यासाठी पाण्याशिवायचा अर्क सोयीचा: ९ ग्रॅम एस्कॉर्बिक ॲसिड आणि ०.२५ ग्रॅम फेनिडोन गरम केलेल्या ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कधर्मी द्रवात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करायचं. पाणी नसल्याने तो लवकर खराब होत नाही. वापरताना १+५०, म्हणजे ३०० मिलिलिटर पाण्याला ६ मिलिलिटर. अर्क मधासारखा घट्ट असतो, म्हणून सुईशिवायच्या सिरिंजने मोजा आणि सिरिंज त्याच पाण्यात दोनतीनदा भरून रिकामी करा. नाहीतर आत चिकटलेल्या अर्काने फिल्म कमी डेव्हलप होते.

आता कॉफी. १९९५ साली रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात हा प्रयोग झाला आणि त्याला कॅफेनॉल हे नाव पडलं. काम कॅफिन करत नाही. कॅफेइक ॲसिड आणि त्याची भावंडं करतात. म्हणून कॅफिन काढलेली कॉफीही चालते. क जीवनसत्त्व घातलेली, एक लिटरची कृती:

निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम
एस्कॉर्बिक ॲसिड १६ ग्रॅम
इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम

याच क्रमाने, प्रत्येक पदार्थ पूर्ण विरघळल्यावरच पुढचा. ॲसिड घालताना फेस येतो, भांडं मोठं घ्या. पाच मिनिटं थांबून बुडबुडे जाऊ द्या आणि अर्ध्या तासात वापरा. १०० संवेदनशीलतेच्या फिल्मला २० अंशांवर १५ मिनिटांपासून सुरुवात करा. पहिली ३० सेकंद सतत, नंतर दर मिनिटाला तीन वेळा उलटा. वेगवान फिल्मवर धुकटपणा आला तर लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घाला.

कॅफेनॉल फसतं ते बहुतेक वेळा सोड्यामुळे. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तो घेतला तर ५४ ऐवजी १४६ ग्रॅम लागतात. एक रेणू पाणी असलेला भुकटीचा सोडा असेल तर ६३ ग्रॅम. खाण्याचा सोडा घेतला तर फिल्म कोरीच निघते, कारण तेवढ्या अल्कात कॉफी काम करत नाही. खाण्याचा सोडाच हाताशी असेल तर ८६ ग्रॅम ताटात पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन ५४ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. वजन करून पाहा, जास्त भरलं तर अजून भाजा.

कॅफेनॉल हौसेने जरूर करा, शिकायला सुंदर आहे. पण लिटरमागे शंभरावर ग्रॅम माल नाल्यात जातो, त्यात खाण्याजोगी कॉफी ४० ग्रॅम, आणि हे सगळं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. फेनिडोनवाला अर्क लिटरला दोन ग्रॅमपेक्षाही कमी घन पदार्थांत तेच काम करतो. दर आठवड्याला फिल्म धुणाऱ्याने अर्काकडे वळावं.

स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणासाठी, ॲसेटिक ॲसिडऐवजी सायट्रिक ॲसिड, लिटरला १५ ग्रॅम. नाकाला त्रास नाही आणि बरेचदा वापरता येतो. सोड्याच्या डेव्हलपरनंतर मात्र आम्ल थेट ओतू नका. थराच्या आत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होऊन टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडू शकतात. तिथे साध्या पाण्याची दोन भरणी पुरतात. संपलेला सायट्रिक स्टॉप बाथ फेकू नका. वापरलेल्या डेव्हलपरमध्ये ओतून त्याचा पीएच ७ ते ८ वर आणा आणि मगच ते मिश्रण नाल्याला लावा.

रंगीत फिल्म

रंगीत प्रक्रियेत सुधारणा मोठ्या लॅबसाठी झाल्या आणि घरी करणाऱ्याला त्यांचा आयता लाभ मिळाला. १९७२ साली आलेल्या सी-४१ या रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत जुन्या फेरिसायनाइड ब्लीचच्या जागी लोखंड आणि ईडीटीएसारख्या संयुगांचं ब्लीच आहे. शेवटच्या, रंग टिकवणाऱ्या स्टॅबिलायझर द्रावणातलं फॉर्माल्डिहाइड गेलं. रंगीत कागदाच्या जुन्या ईपी-२ प्रक्रियेतलं बेन्झाइल अल्कोहोल तिच्या जागी आलेल्या आरए-४ प्रक्रियेत काढलं गेलं. मिनीलॅबमध्ये धुण्याच्या पाण्याऐवजी थोडासा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उलट दिशेने वाहता ठेवण्याची पद्धत आली, आणि कोनिकाने रसायनं गोळ्यांच्या रूपात आणली, म्हणजे पाण्याच्या बाटल्या वाहून नेणं थांबलं.

घरी ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेल्या किटपेक्षा वेगवेगळे असलेलं किट घ्या. एकत्र द्रावणात लोखंड थायोसल्फेटला हळूहळू खात असतं, म्हणून ते न वापरताही मरतं. बादलीतही ते त्रास देतं: त्यातलं लोखंडाचं संयुग आधी स्टील वूलच खाऊन टाकतं आणि चांदी अर्धवट उतरते. वेगळं ब्लीच मात्र हवेने पुन्हा ताजं होतं. वापरताना त्यातलं लोखंड क्षपण होतं, आणि हवेतला प्राणवायू त्याला पूर्वपदावर आणतो. बाटली अर्धी रिकामी ठेवा, प्रत्येक फिल्मनंतर जोरात हलवा, झाकण उघडून हवा बदला, पुन्हा हलवा. किंवा माशांच्या टाकीचा छोटा पंप १० मिनिटं लावा. डेव्हलपरच्या बाटलीत हवा नको आणि ब्लीचच्या बाटलीत हवाच हवी, एवढं पक्कं ठेवलं आणि थोडंथोडं ताजं ब्लीच मिसळत राहिलं तर एक बाटली दीर्घकाळ चालते. ब्लीच कमी पडलं तर निगेटिव्ह मळकट दिसतं आणि लाल रंग बिघडतात. अशी फिल्म टाकून देऊ नका: हवा दिलेल्या ब्लीचमध्ये ती पुन्हा पूर्ण वेळ ठेवा, धुवा, फिक्स करा, आणि रंग जागेवर येतात.